दर फेरीला दर्शन

चैत्र सुद दशम, मंगळवार

ही वही सुनेने, रसीलाने दिली. आमच्यात आईला बा म्हणतात, तीही मला बाच म्हणते. म्हणाली, बा, मनात येईल ते यात लिहीत जा, हलकं वाटेल. हलकं कोणाला वाटायचंय ते मला कळतं. जेवढं वहीत जाईल तेवढं तिला कमी ऐकावं लागेल. सून आली तेव्हा वाटलं होतं मुकी आहे. मुकी नाही, सावध आहे. माझी शाळा तिसरीच्या अर्ध्यावर सुटली, त्यामुळे जोडाक्षरं चुकली तर चुकली. वाचणार कोण आहे?

आजची गोष्ट अशी. फागणच्या मेळ्यात वाऱ्याने मेलडी मातेचा फोटो उडाला. आमच्या आकाशपाळण्याच्या खांबाला लाल धाग्याने बांधला होता, तो उडून चिखलात पडला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. त्याच दिवशी झुल्यातून उतरताना एका पोरीची हनुवटी फुटली. मी माझ्या पोराला, जेन्तीला म्हटलं, देवी निघून गेली की असंच होणार. आता फोटो-बिटो नको. मातेची पितळेची पाटी कर, आणि लोखंडात बोल्टने आवळून बसव. वारा नेणार नाही, चोर नेणार नाही.

"खांबावर बसवतो," जेन्ती म्हणाला.

"खांब फिरतो का? जो झुल्यात बसेल त्याची मातेला प्रदक्षिणा व्हायला पाहिजे. मधल्या शाफ्टवर बसव, अलीकडच्या बेअरिंगला लागून, रांगेतल्या माणसाला दिसेल अशी. पाळणा फिरला की शाफ्ट फिरतो. दर फेरीला माता तोंड दाखवेल."

जेन्तीला पटलं. त्याच्या बापाच्या लाकडी पाळण्याला बरोबर मधोमध, कण्यावरच, माता खिळ्यांनी ठोकलेली होती. तो पाळणा त्यांचं उभं आयुष्य फिरला. आम्ही सुतार. लाकडात खिळा मारला की लाकूड त्याला धरून बसतं, उलट घट्ट होतं.

रसीला रोटला थापत होती. खाली बघूनच म्हणाली, "बा, सगळा भार त्या शाफ्टवरच असतो ना? त्याला भोक पाडून चालेल?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाची पानाची टपरी होती. चुना किती लावायचा ते विचारायचं असेल तेव्हा तुला विचारू."

तिने पुढचा गोळा हातात घेतला.


चैत्र सुद तेरस

शाफ्ट टेम्पोत टाकून कासम लेथवाल्याकडे नेला. मीही गेले, कारण जेन्तीला काम सांगता येतं, करून घेता येत नाही.

कासमने शाफ्टवर हात फिरवला. "माजी, इथे भोक? शाफ्टला?"

"इथेच. दोन पाड. आत आटे पाड, म्हणजे बोल्ट गच्च बसतील."

"नाहीतर वेल्डिंग मारून देतो पाटी."

जेन्ती म्हणाला, "वेल्डिंगने माता भाजेल."

कासम हसला. "मला काय, गिऱ्हाईक म्हणेल तिथे पाडतो." ड्रिल लावलं. किसणीतून काकडी निघावी तसं लोखंड वळ्यावळ्यांनी निघत होतं. मग तेल सोडून हाताने आटे पाडले, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. बोल्ट आवळताना पान्ह्याला पाईप लावून लोंबकळला. मी स्वतः पाटी हलवून पाहिली. जागची हलेना. नारळ फोडला, कासमलाही खोबरं दिलं. त्याने खाल्लं.

आता वादळ येऊ दे.


वैशाख वद बीज

डोंगरावरच्या जत्रेत पाळणा लावलाय. पाटी छान चमकते. आमच्यात रिवाज आहे, दिवसाची पहिली फेरी घरच्यांनी बसायची, तीच बोहनी. मी आणि रसीला बसलो. ती डोळे मिटून दांडा धरून बसते. पंचवीस वर्षं पाळण्याचं खाल्लं, अजून भीती जात नाही.

शेजारी जमनीचं बांगड्यांचं दुकान लागलंय. हिच्या अंगात रविवारी माता येते. गिऱ्हाईक नसेल तर येत नाही. यायच्या आधी चष्मा काढून नीट डबीत ठेवते, मग घुमायला लागते. मी तिला तोंडावर म्हटलं, तुझी माता चष्म्याला फार जपते बाई. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. झोप चांगली लागते.


जेठ वद अमास

पाऊस पडला. पाळणा उतरवून ताडपत्रीखाली घातला. शाफ्ट पुसताना पाटीच्या कडेला लाल दिसलं, कुंकवाच्या बोटाएवढं. पदराने पुसलं. दमट हवा आहे, लोखंड आहे, गंजणारच. जेन्तीला म्हटलं ग्रीस लाव. लावतो म्हणाला. म्हणजे लावणार नाही.


श्रावण वद चौथ

गोकुळअष्टमीच्या, सातम-आठमच्या मेळ्यासाठी तालुक्याच्या मैदानात पाळणा उभा केला. यंदा जागा कडेची नाही, बरोबर मधली मिळाली. तपासणीचा साहेब येऊन गेला. खांब हलवून पाहिले, मातेवर चुंदडी घातली होती तिला हात जोडले, सही केली.

दुपारी रिकामा पाळणा फिरवून पाहिला. थांबवल्यावर शिडीने चढून चुंदडी बाजूला केली तर पाटीखालून लाल निघालेलं. मी सकाळीच पुसलं होतं. आणि हे गंजासारखं खरखरीत नव्हतं. मऊ, तेलकट, बोटाला लावलं तर कपाळावर उठेल असं.

मी पुसणार तेवढ्यात मागून चढलेल्या जेन्तीने हात धरला. "बा, थांबा. हे कुंकू आहे."

"गंज आहे."

"गंज एका दिवसात येतो? आणि बाकी सगळा शाफ्ट कोरडा, फक्त मातेच्या पायाशीच येतो?"

त्याने खाली हाक मारून सगळ्यांना सांगितलं. पाळण्यावर कामाला असलेली माणसं एकेक करून खाली बसली आणि डोकं टेकवलं. जेन्तीने ते बोटावर घेऊन कपाळाला लावलं, मग माझ्या. मी पुसलं नाही. पुसायला हवं होतं असं वाटतंय, आणि नको होतं असंही वाटतंय.


श्रावण वद पाचम

मेळा उघडला. कुंकवाची बातमी आमच्या आधी सगळ्या मैदानात फिरली होती. रांग टोक दिसणार नाही इतकी लांब. बायका आधी शाफ्टकडे बघून हात जोडतात, मग तिकीट काढतात. जेन्ती फुगलाय. त्याचा बाप असा फुगायचा तेव्हा मी त्याला पाणी आणायला पाठवायचे.

सकाळी बोहनीला बसले तेव्हा आवाज ऐकला. टक. नखाने ताटाची कड वाजवावी तसा. एका फेरीला एकदाच. मी मोजत नव्हते, पण माता खाली तोंड करते त्याच वेळी येतो. वर येते, सगळ्यांना दिसते, काही नाही. खाली वळते, टक.

रसीलाला विचारलं, "तुला ऐकू आलं?"

म्हणाली, "मला तर कालपासून ऐकू येतंय, बा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी पानाच्या टपरीवरची."

अशी जीभ. कुठे शिकली कोण जाणे.

जमनीचं दुकान इथेही शेजारीच आहे, संध्याकाळी ती स्वतःहून माझ्याशी बोलायला आली. म्हणाली, "रळियातमा, ते कुंकू नाही. माता रक्त ओकतेय. तिला काहीतरी हवंय. दिलं नाही तर स्वतः घेईल."

मी म्हटलं, "तुझ्या बांगड्या देऊ का तिला?" बोलायला बोलले. मग तंबूत येऊन दिवा लावला. मी देवीचं काय चुकवलं? पाटी पितळेची केली, तांब्याची करायला हवी होती का? उलटी फिरते म्हणून राग आला का? दर फेरीला आपण तिला डोक्यावर पाडतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाच मंगळवारचा उपास बोलले.


श्रावण वद छठ

रांधण छठ. उद्या सातमीला चूल पेटवायची नाही, म्हणून सगळं आजच. थेपले, बाजरीचे वडे, मोहनथाळ. कोपरापर्यंत पीठ. मध्येच पाळणा डिझेल भरायला थांबला, तेव्हा मी तशीच शिडीने वर गेले, कारण सकाळपासून त्या लाल रंगाशिवाय डोक्यात काही नव्हतं. पिठाच्या हातानेच पुसलं. पिठाने छान निघालं. शाफ्ट पांढरा झाला. मी खाली आले.

दुपारी रांग जरा ओसरली तेव्हा पुन्हा गेले. पिठावर एक रेघ उमटली होती. लाल, केसाएवढी बारीक. एका बोल्टाकडून पाटीच्या बाहेर आलेली आणि शाफ्टला वळसा घालून खाली गेलेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच, थोडी आखूड. पाटीतून कोणीतरी दोन्ही हात बाहेर काढून शाफ्टला मिठी मारतंय असं दिसत होतं.

मी माणूस मेलेला पाहिलाय, साप पायावरून गेलाय, नवऱ्याचा मार खाल्लाय. पण हे पाहून मी शिडी दोन्ही हातांनी धरली.

डोळ्यांतलं काजळ बोटावर घेतलं आणि जिथे रेघ संपत होती तिथे टिकली लावली. का लावली ते माहीत नाही. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून लावतो तसं असेल.

जेन्तीला सांगितलं तर म्हणाला, "मातेची जीभ आहे. फोटोत नसते का बाहेर?"


श्रावण वद सातम

कालचं थंडच खाल्लं. अर्धं ताटात ठेवून उठले.

सकाळी वर जाऊन पाहिलं. रेघ काजळाच्या पुढे गेली आहे. बोटभर. रात्रभर पाळणा बंद होता, म्हणजे काल संध्याकाळच्या गर्दीत गेली. मी नख फिरवलं तर नख अडकलं. रंग नाही तो. खाच आहे.

दुपारी कासम मुलाबाळांना घेऊन मेळ्यात आला होता, गाठिया खात उभा होता. त्याला हात धरून ओढत नेलं. "चल, तुझं काम बघ कसं झालंय."

तो वर चढला. बराच वेळ उतरला नाही. उतरला तेव्हा हातातल्या पुड्यातले गाठिया तसेच होते आणि तोंड पिठासारखं.

"माजी, हा फिरवू नका."

"का?"

"फाटलाय. भोकापासून."

"तूच तर पाडलंस भोक. एवढा माझ्या मांडीसारखा शाफ्ट, दोन बोटांच्या भोकाने फाटतो?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग चहाच्या टपरीवरच्या नळाकडे बोट केलं. गटारातून पाणी वाहत होतं आणि मध्ये एक वीट पडली होती. "ते पाणी बघा. बाकी सगळीकडे निवांत जातंय, पण विटेच्या दोन्ही अंगांना कसं धावतंय. भाराचंही तसंच असतं. भोक आडवं आलं की भोकाच्या कडेने सगळा भार गर्दी करतो. त्यात मी आटे पाडले. आटा म्हणजे काय, आतून धारेने मारलेली चीर. तिथे तर सगळ्यांत जास्त. आणि शाफ्ट फिरतो. एकदा ताणतो, एकदा दाबतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तशी दर फेरी आहे. ते लाल म्हणजे फटीत लोखंड लोखंडावर घासून निघालेली पूड."

"मग जेन्तीला सांग."

"मी सांगितलं तर तो विचारेल भोक कोणी पाडलं." त्याने मुलांना गोळा केलं. पाळण्याखालून जाणारी वाट जवळची होती. तो मैदानाला वळसा घालून गेला.

मग मीच जेन्तीला सांगितलं. पाणी, वीट, तार, सगळं. तो नोटांना रबर लावत होता, थांबला नाही.

"उद्या आठम आहे, बा."

"म्हणूनच सांगतेय."

"कासमचा मेहुणा मौत का कुआँ घेऊन आलाय पलीकडे. आमची रांग बघून त्याच्या पोटात दुखतंय."

"मी नख घालून पाहिलं, जेन्ती."

"तुम्हीच म्हणालात ना, माता धरून ठेवेल? म्हणालात की नाही? आता माता जागी झाली, लोकांना कुंकू द्यायला लागली, तर तुम्ही म्हणता घाबर. मातेवर विश्वास नव्हता तर बसवली कशाला?"

तो रागावला नव्हता. तेच वाईट. समजावून सांगत होता मला.

म्हटलं, निदान पाटी काढून बघ. म्हणाला, आठमीला मातेला उठवू? माझं घर बुडवायचंय का? आणि गेला.

रसीला दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. म्हणाली, "बा, ते तुमचं ऐकणार नाहीत. मातेचं ऐकतील."

मी म्हटलं, "माता कुठे बोलतेय." ती भांडी घासायला गेली.


श्रावण वद नोम

काल लिहिता आलं नाही. हात चालत नव्हता. आज जमेल तसं लिहिते.

आठमीला सकाळी बोहनीला मी बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. जेन्तीने पाहिलं आणि स्वतः बसला. तो वर गेला आणि मी खाली उभी राहून प्रत्येक टक ऐकला. आता टक नव्हता, करकर होती, जाड चामड्याची चप्पल दुमडावी तशी.

दुपारपर्यंत मैदान भरलं. सगळे झुले भरले. एका झुल्यात नवी नवरी, हातभर चुडा. एकात आजोबा आणि तीन नातवंडं, धाकट्याच्या तोंडात पिपाणी. ते वर गेले की पिपाणी वरून वाजायची, खाली आले की कानाजवळ. माता वळायची आणि मला शाफ्टवर पाटीच्या अंगाला उजेडाची एक रेघ उघडताना दिसायची, मग मिटायची. दुसऱ्या कोणाला दिसली नसेल. मला कुठे बघायचं ते माहीत होतं.

ओरडले असते तर म्हातारी म्हणून बाजूला केलं असतं. इंजिन बंद करायला गेले असते तर वरचे वर अडकले असते. मग मला जमनी दिसली, दुकानात बसून माझ्याकडेच बघत होती. आणि मी केस सोडले.

लाज वाटते लिहायला. जन्मभर ज्याची टिंगल केली तेच केलं. मातीत बसले, घुमायला लागले. डोकं गरगरा फिरवलं, मान मोडते की काय असं वाटलं. आधी कोणाचं लक्षच जाईना. रसीला धावत आली. तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझा चष्मा काढून घेतला. माणूस मरायला टेकलं तरी हिला चष्मा फुटायची काळजी. मग मोठ्याने किंचाळली, "माता आली, माता आली, बांच्या अंगात माता आली." एवढा आवाज तिच्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. लोक वळले, ढोलवाला धावला, ढोल वाजवायला लागला.

जेन्ती आला. हात जोडले. "हुकूम, माता."

मी पोटातून आवाज काढला. म्हटलं, "माझ्या छातीवर नाचता? मला उलटी टांगता? उतरवा. सगळ्यांना उतरवा. हळू."

जेन्तीचा चेहरा पांढरा. इंजिन हळू करायला सांगितलं. झुले खाली आणून एकेक रिकामा करायला लागले. आणि तिथे मला खरी भीती वाटली, कारण एकाच बाजूचे झुले ओळीने रिकामे केले की पाळणा जड बाजूला ओढला जातो, झटका बसतो. हे मी सांगायच्या आत रसीला ओरडली, "समोरासमोरचे काढा, मातेने समोरासमोरचे सांगितलंय." मी असं काही बोललेच नव्हते. बाई घाबरून वाट्टेल ते बरळत होती. पण माणसांनी ऐकलं.

मी घुमत राहिले. थांबले असते तर हुकूम थांबला असता. डोळ्यांपुढे सगळं फिरत होतं आणि प्रत्येक वेळी शाफ्ट वळला की करकर. नवरी उतरली. तिचा नवरा पैसे परत मागत होता. आजोबांचा झुला अगदी वर होता, तो शेवटी आला. पिपाणी बंद झाली होती. धाकट्याला कोणीतरी सांगितलं असेल की रडायचं नाही, तो फक्त झुल्याचा दांडा सोडत नव्हता. आजोबांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"पाटी," मी म्हटलं. "माझ्या ओटीत द्या."

जेन्ती स्वतः चढला. बोल्ट सोडवताना रडत होता, मला खालून ऐकू येत होतं. पाटी निघाली तसा तो तिथेच थांबला. पाटीखाली फट इतकी रुंद होती की त्याने पटाशीचं टोक सहज आत घातलं. बघायला घातलं आणि बाहेर काढायला विसरला.

खाली येऊन माझ्या पायावर पडला, सरळ उठेचना. मी घुमणं थांबवलं. मान आज वळत नाही. रसीलाने रात्री तेल चोळलं. इतक्या जोरात चोळलं, जणू मीच काही केलंय.


श्रावण वद अगियारस

क्रेन आणून शाफ्ट उतरवला. उतरवताना नाही मोडला. खाली दोन ओंडक्यांवर ठेवला, साखळी सोडली आणि तो आपल्याच वजनाने पाटीच्या जागी खाली बसला. आवाजही फार नाही झाला. दोन तुकडे.

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. तुटलेल्या तोंडावर वर्तुळं होती, एकात एक, भोकापासून सुरू होऊन पसरत गेलेली. झाड कापल्यावर दिसतात अगदी तशी. जेन्ती सुताराचा मुलगा, त्याने नकळत बोटाने मोजायला सुरुवात केली. एकेक मेळ्याचं एकेक वर्तुळ. सगळीकडे काळपट, आणि एका कडेला फक्त चंद्रकोरीएवढं लोखंड पांढरं, ताजं. तेवढ्यावर आठमीची सगळी माणसं फिरत होती.

 डोळे मिटले की पिपाणी ऐकू येते.


भादरवो सुद पाचम

घरी सकाळपासून माणसं. कोणाचं मूल होत नाही, कोणाची म्हैस दूध देत नाही. जमनी नारळ घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. मी म्हटलं, ऊठ, तुझं माझं सारखंच आहे. तिला वाटलं आशीर्वाद दिला.

त्याचं काही नाही. भीती वेगळीच आहे. नवा शाफ्ट आला. आरशासारखा. जेन्तीने त्यावर खडूने चार खुणा केल्या आहेत.

"यावेळी चार बोल्ट, बा. मातेने वाचवलं, तिची जागा तिला परत द्यायला नको?"

 मी त्याला समोर बसवलं. "ऐक. माता-बिता काही आली नव्हती. मी नाटक केलं. तुला सांगून तू ऐकलं नाहीस म्हणून केलं."

तो हसला, डोळे भरून. "मातेचे भगत, भुवा, म्हणालेच होते. ज्याच्या अंगात येते त्याला काही आठवत नाही."

"मला सगळं आठवतंय, मूर्खा."

"तेसुद्धा मातेचंच." आणि पाया पडला.

कासमला बोलावलं. म्हटलं, पाणी, वीट, तार, सांग ह्याला. कासमने माझ्याकडे पाहिलं, मोडलेल्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "माजी म्हणतील तसं." त्याला आता माझीच भीती वाटते. जेन्ती म्हणाला, "ऐकलंत? माजी म्हणतील तसं. आणि माजीच म्हणाल्या होत्या, शाफ्टवर, लोकांना दिसेल अशी."

मी म्हटलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर आहे.


भादरवो सुद आठम, मंगळवार

आज पुन्हा केस सोडले.

घरातच, पाच-सहा माणसांत. मान अजून दुखते म्हणून डोकं कमी फिरवलं, आवाज जास्त काढला. म्हटलं, "माझी जागा जमिनीवर. तिकिटाच्या खिडकीशी. मला फिरवू नका, मला टांगू नका. फिरणाऱ्या लोखंडाला भोक पाडायचं नाही."

जेन्ती म्हणाला, "हुकूम, माता."

तेवढ्यात रसीला पुढे सरकली, पदर डोक्यावर, अगदी भक्तिणीसारखी. "माता, झुले ज्या पिनांवर लटकतात त्यांना भोक पाडलं तर चालेल का? दिव्यांच्या माळा लावायला हे पाडणार आहेत."

मला हे माहीतच नव्हतं. घुमता घुमता थांबलेच होते. म्हटलं, "नाही. त्यांनाही नाही."

"आणि वेल्डिंग, माता?"

"तेही नाही. कासमला विचारल्याशिवाय काही नाही."

"आणि दर मेळ्याआधी शाफ्टला पीठ लावून पुसायचं का, माता?"

"पुसायचं. उघड्यावर. सगळ्यांसमोर."

जेन्ती एकेक ऐकत होता आणि मान हलवत होता. शाळेत मास्तरांपुढे उभा राहायचा तसा. भोळी आहे रसीला, खरंच मातेला विचारतेय असं समजून विचारत होती. पण प्रश्न बरे निघाले.

माणसं गेल्यावर मी ओल्या फडक्याने शाफ्टवरचा खडू पुसला. चारही खुणा गेल्या तरी पुसत होते. पुसताना वाटलं, आज मी आहे. मी गेले की याला कोण सांगणार? पुन्हा कुठे वारा सुटेल, पुन्हा काही उडेल, आणि हा पुन्हा कासमकडे जाईल.

रसीला फडकं पिळून द्यायला आली. म्हणाली, "बा, कधी माझ्या अंगात यायची झाली तर काय काय करावं लागतं?"

"तुझ्या अंगात कशाला येईल?"

"तुम्ही काय जन्मभर पुरणार आहात का."

मी तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती, खाली नाही, सरळ.

मग सांगितलं. आवाज घशातून नाही, पोटातून काढायचा. हुकूम थोडका द्यायचा, कारण सांगायचं नाही. आणि घुमताना जेन्तीच्या डोळ्यांत बघायचं नाही. मी आठमीला बघितलं होतं. तो लहानपणी तापात बघायचा तसा बघत होता, आणि माझा आवाज तिथेच तुटायला आला होता.